पाण्याकाठचे वारकरी

मराठवाडा म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे पहिले चित्र पाण्याचे उभे राहत नसेल. काळी जमीन, कापसाची बोंडे, टँकरभोवती मांडलेल्या घागरी अशीच चित्रे आपण वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत आणि ती खोटी नाहीत. तरीही जानेवारीतल्या एखाद्या पहाटे परभणी जिल्ह्यातल्या जिंतूर गावाहून सेनगावच्या रस्त्याला लागा. टेकड्यांतून रस्ता वळणे घेत जातो, सागाची पाने गळू लागलेली असतात, आणि धरणाच्या जवळ पोहोचून जरा आडवाटेने काठाकडे उतरलात की समोर पाणी असते. पहिल्या क्षणी ते पाणी वाटत नाही. धुके खाली बसले आहे असे वाटते. मग त्या धुक्यातून आवाज येऊ लागतात. कोणी शीळ घालते, कोणी कुरबुरते, कोणी पाण्यावर पंख आपटते. हा येलदरीचा जलाशय.

येलदरी पूर्णा नदीवर आहे. तापीला मिळणारी पूर्णा वेगळी. ही अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि परभणी जिल्ह्यातच गोदावरीला मिळते. वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशा दोन धरणांचा पूर्णा प्रकल्प १९६० च्या दशकात उभा राहिला. येलदरीने पाणी साठवायचे आणि वीज द्यायची, सिद्धेश्वरने ते कालव्यांतून शेतांना वाटायचे, अशी ही विभागणी. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा सिद्धेश्वर तिकडे गेले आणि येलदरी परभणीकडे राहिली. पैठणचा नाथसागर १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे; शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराला २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, स्थान मिळाले. तशा मानाचा फलक येलदरीच्या काठावर नाही. पक्ष्यांना फलक वाचता येत नाहीत, हे आपले भाग्य.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. हैदराबाद संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी सलीम अली यांनी १९३१-३२ मध्ये केली. परभणी तेव्हा त्याच संस्थानात होती. पण आज आपण ज्या पाण्यासमोर उभे आहोत ते पाणीच त्या वेळी नव्हते. पूर्णा आपल्या पात्रातून वाहत होती आणि तिच्या काठाला गावे होती. या दुसऱ्या वाक्याकडे मला पुन्हा यायचे आहे.

मी शाळेत मराठी शिकवीत असे आणि रविवारी अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून बसत असे. तुमच्यासारखेच विद्यार्थी समोर असत: दिवसा एसटीची तिकिटे फाडणारे, अंगणवाडी चालवणारे, खत-बियाण्याच्या दुकानात बसणारे, आणि रात्री पुस्तिका उघडणारे. हिवाळ्यातल्या एखाद्या संपर्कसत्रानंतर मी त्यांना येलदरीला घेऊन जाई. माझ्याकडे एक दुर्बीण होती आणि सांगण्यासारखे पुष्कळ होते, किंवा तसे मला वाटत होते.

पहिल्यांदा जाणाऱ्याची एक चूक ठरलेली असते. तो धरणाच्या भिंतीवर जाऊन उभा राहतो. तेथे पाणी विशाल दिसते, छायाचित्र उत्तम येते, पण पक्षी थोडेच असतात. भिंतीजवळ पाणी खोल, आणि खोल पाण्यात बुडी मारून मासे धरणाऱ्या पाणकावळ्यासारख्यांचेच काय ते चालते. पक्ष्यांची खरी दाटी जलाशयाच्या वरच्या अंगाला असते, जेथे पाणी ओसरत जाऊन चिखल उघडा पडतो. तेथे पाणवनस्पती असतात, गोगलगाई असतात, अळ्या असतात. तेथे पंगत बसते, आणि ती पानांप्रमाणे नव्हे, खोलीप्रमाणे बसते. अगदी कडेला ओल्या मातीवर शेपटी हलवणारा धोबी. त्याच्या पुढे घोटाभर पाण्यात, लांब गुलाबी पायांवर तोल सांभाळणारा शेकाट्या. मग चमचे, चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवीत. त्यापुढे शेपटी वर आणि डोके खाली करून मान पोहोचेल तेवढ्या खोलीतले टिपणारी तलवार बदके. सर्वांच्या पलीकडे बुडी मारणाऱ्या टिबुकल्या. कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही. पाणी रोज थोडे उतरते, तशी ही सारी पंगत रोज थोडी आत सरकते.

तुम्ही मराठीचे विद्यार्थी आहात, म्हणून या नावांपाशी जरा थांबा. धोबी, शेकाट्या, चमचा, तलवार. ही नावे कोणी कार्यालयात बसून ठरवलेली नाहीत. काठाकाठाने वावरणाऱ्या माणसांनी आपल्या घरात जे होते तेच पक्ष्यांना दिले. चोचीच्या मुळाशी तांबडे ठिपके आणि टोकाला पिवळा रंग, म्हणून ते हळदी-कुंकू बदक. एकदा हे नाव ऐकले की तो पक्षी ओळखायला पुस्तक लागत नाही. नावच त्याचे वर्णन आहे. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) वनखात्याच्या नोकरीत रानोमाळ हिंडले आणि कोळ्यांच्या, आदिवासींच्या तोंडची अशी नावे टिपून घेत राहिले. त्यांच्या ‘पक्षिकोशा’मागे ही पायपीट आहे. २००६ मध्ये सोलापूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा काहींना प्रश्न पडला असेल की पक्ष्यांवर लिहिणाऱ्याचे साहित्यात काय काम. तुम्हाला तो पडू नये.

आणि तो काळा पक्षी, वारकरी. अंगाने काळाभोर, कपाळावर पांढरी शुभ्र ढाल, जणू गोपीचंदनाचा टिळा. तो एकटा क्वचितच दिसतो. शेकड्यांनी, दाटीवाटीने पाण्यावर तरंगत असतो. त्याची बोटे बदकासारखी पडद्याने जोडलेली नसतात. प्रत्येक बोटाला स्वतंत्र, पानासारख्या झालरी असतात. उडायचे झाले तर त्याला एकदम उठता येत नाही. पाण्यावर पावले टाकीत बरेच अंतर धावावे लागते, आणि सारा थवा धावू लागला की तो आवाज दूरवरून दिंडी यावी तसा येतो. काही वारकरी बारमाही असतात, पण हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्यांमुळे ही गर्दी होते. पाऊस सरला की, साधारण कार्तिकात, ती सुरू होते. ज्याने हे नाव ठेवले त्याने हेही पाहिले असेल का, मी सांगू शकत नाही. पण मला तसे मानायला आवडते.

चक्रवाकाची गोष्ट निराळी. त्याला तुम्ही पाण्याकाठी भेटण्याआधी काव्यात भेटलेले असता. दिवसभर एकत्र असणारे हे जोडपे रात्री शापामुळे नदीच्या दोन तीरांवर वेगळे होते आणि रात्रभर एकमेकांना हाका मारते, हा कविसंकेत तुम्ही अभ्यासला असेल. आता खरा चक्रवाक पाहा: नारिंगी-तपकिरी अंग, फिकट डोके, जोडीजोडीने काठावर उभा. लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंच प्रदेशांत तो घरटे करतो आणि थंडी घालवायला आपल्याकडे येतो. तो रात्रीही चरतो. चरताना जोडीतले दोघे एकमेकांना साद घालतात, आणि अंधारात आवाजाचे अंतर वाढलेलेच वाटते. ऐकणाऱ्याने त्यातून विरह ऐकला. कवी खोटे बोलला नाही. त्याने ऐकले ते खरे होते, अर्थ त्याचा होता. हे मी विद्यार्थ्यांना मोठ्या हौसेने सांगत असे.

हौस हाच माझा दोष होता. निसर्ग समजावून सांगण्याच्या कलेवर अमेरिकेतल्या फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ साली एक पुस्तक लिहिले. समोरच्याच्या आयुष्याशी जे जोडले जात नाही ते सांगणे वांझ ठरते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मी तो वाचला होता, पटलाही होता. म्हणून तर मी धोबी आणि हळदी-कुंकू सांगत होतो. पण समोरच्याचे आयुष्य म्हणजे काय, हे मी फार वरवर धरले होते. एकदा माझ्या गटात तेथल्याच काठावर गाळपेर करणारा एक विद्यार्थी होता. जलाशयाचे पाणी उतरते तशी उघडी पडणारी ओली जमीन तो वाहत असे. त्यात हरभरा, गहू पेरत असे. मी पट्टकादंबांविषयी सांगत होतो: डोक्यावर दोन काळे पट्टे असणारा हा हंस हिमालय ओलांडून येतो, सात हजार मीटरहून अधिक उंचीवर उडताना त्याची नोंद झाली आहे, त्याच्या रक्तातील हिमोग्लोबिन विरळ हवेतलाही प्राणवायू घट्ट धरून ठेवते. सारे थक्क झाले. तो विद्यार्थी नम्रपणे म्हणाला, “सर, रात्री ते माझ्या हरभऱ्यात असतात.” सगळे हसले. मीही हसलो, आणि पुढच्या पक्ष्याकडे वळलो. त्याने राखणीसाठी किती रात्री जागून काढल्या, हे मी विचारले नाही. आज ती मला माझी सर्वांत वाईट शिकवणी वाटते.

आता त्या वाक्याकडे येतो. पूर्णेच्या काठाला गावे होती, आणि त्यांतले एक माझे आजोळ होते.

माझ्या आईचे लग्न झाले तेव्हा गाव जागेवर होते. मी चालू लागलो तोवर ते पाण्याखाली गेले होते. त्याच नावाचे नवे गाव वर माळावर वसले, आणि लहानपणी मी सुटीत ज्या आजोळी गेलो ते हे दुसरे. माय त्या गावाला ‘गाव’ म्हणत नसे, ‘वरलं’ म्हणे. मी पक्षी पाहण्याच्या नादाला लागल्यावर वीस वर्षे दर हिवाळ्यात येलदरीला जात होतो. ती एकदाही आली नाही, आणि मीही कधी आग्रह केला नाही. एकदा शाळेतल्या मुलांसाठी मी भाषण तयार करीत होतो. “हा जलाशय म्हणजे पक्ष्यांचे नंदनवन. हिवाळ्यात येथे दूरदूरचे पाहुणे येतात,” असे मोठ्याने वाचून पाहत होतो. ती ज्वारी निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “पाव्हणे घरला येत असतात, लेका. घर कुठंय तिथं?”

मी ते वाक्य भाषणातून काढले. त्याच्या जागी काय लिहावे, ते मात्र सुचले नाही.

२०१६ चा उन्हाळा तुम्हाला आठवत असेल. त्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. येलदरीचा जलाशयही आक्रसून गेला. कोणीतरी घरी येऊन सांगितले की जुन्या गावाची जोती उघडी पडली आहेत. त्या रात्री माय जेवताना म्हणाली, “उद्या नेतोस का?”

गाडी जेथवर गेली तेथवर नेली. पुढे गाळ तडकून त्याच्या फरशा झाल्या होत्या. फटींत शिंपले, नायलॉनच्या जाळ्यांचे तुकडे, काळ्या पडलेल्या बाभळीचे खुंट. सत्तरीची बाई काठी टेकीत पुढे आणि मी दुर्बीण गळ्यात अडकवून मागे. मी तिला वाट दाखवीन असे मला वाटले होते. पण ती थांबत नव्हती. दगडांच्या एका रांगेपाशी डावीकडे वळली, दुसऱ्या रांगेपाशी थबकली, काठीने गाळ उकरून पाहिला आणि पुढे निघाली. “हा पार. इथून खाली उतरलं की नदी.” नदी होती तेथे आता एक हिरवट डबके होते आणि त्यात चार बगळे उभे होते.

आपल्या घराच्या जोत्यापासून दहा पावलांवर असताना डोक्यावर ओरडा सुरू झाला. टिटवी. एक आली, मग दुसरी. अगदी डोक्याशी झेप घेऊन वळायच्या. मी सवयीने दुर्बीण उचलली. मायने मला दंडाला धरून थांबवले. “बाळंतीण हाये इथं. मागं सर.”

तिला ती अंडी माझ्या आधी दिसली होती. जोत्याच्या दोन दगडांमधल्या खड्यांत चार अंडी, मातीच्या रंगाची, काळे डाग असलेली, निमुळती टोके आत करून ठेवलेली. घरटे म्हणावे असे काहीच नव्हते. आम्ही लांबून वळसा घेतला आणि एका बाभळीच्या खुंटाशी टेकलो. टिटव्या हळूहळू गप्प झाल्या. माय म्हणाली, “उंचावर घातली. पाऊस मोठा हाये औंदा.” ही समजूत तुम्हीही ऐकली असेल. एका घरट्यावरून पावसाचे भाकीत करता येत नाही, हे सांगण्याचा मोह मी आवरला. त्याऐवजी मला जे माहीत होते ते सांगितले: अठ्ठावीस ते तीस दिवसांत पिले बाहेर येतात, आणि अंड्यातून निघाल्यावर काही वेळातच चालू लागतात. घरट्यात बसून राहणारी ती पिले नव्हेत. पाऊस येऊन पाणी चढेपर्यंत ती येथून निघून गेलेली असतात.

“पाणी यायच्या आत उठतात?”

“हो.”

ती बराच वेळ त्या दगडांकडे पाहत राहिली. मग तिने मला जे सांगितले ते तोवर कधीही सांगितले नव्हते. “आम्हालाबी सांगितलं व्हतं, उठा म्हणून. समदं गाव उठलं. अण्णा उठले न्हाईत. म्हणाले, पाणी पायरीला लागू दे, मग बघू. पायरीला लागलं, तवा तुझ्या मामानं उचलून काढलं त्यांला. माळ हातात व्हती, तेवढीच घेतली.” तिचे वडील दरवर्षी पंढरीची वारी करीत. वर गेल्यावर त्यांनी वारी सोडली. का, ते कोणी विचारले नाही, असे ती म्हणाली.

परतताना गाडीत मी तिला वारकरी पक्ष्याविषयी सांगितले. या वेळी हौसेने नव्हे. काहीतरी बोलायला हवे म्हणून. काळा, कपाळावर टिळा, पाण्यावर दाटीने असतो, पळू लागला की दिंडीसारखा आवाज येतो. आपल्या गावावरच्या पाण्यातही असतो. तिने विचारले, कधी येतात? मी म्हणालो, कार्तिकाच्या सुमारास. “मग कार्तिकात आण मला,” ती म्हणाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली.

त्या वर्षी मराठवाड्यात पाऊस चांगला झाला. (टिटवीचे श्रेय मी मायला देऊन टाकले, तिने ते बिनतक्रार घेतले.) पाणी चढले, जोती पुन्हा दिसेनाशी झाली. कार्तिकी एकादशीच्या पुढच्या आठवड्यात आम्ही त्याच काठावर, बऱ्याच वर, उभे होतो. वारकरी आले होते. फार नव्हते, पण होते. मी दुर्बीण तिच्या हाती दिली. तिने ती आधी उलटी धरली, मग नीट धरली आणि पुष्कळ वेळ पाहत राहिली. दोन वारकरी मान खाली घालून, पंख फुलवून एकमेकांच्या अंगावर धावून गेले, पाणी उडाले. ही भांडणे त्यांच्यात नेहमीची.

“टिळा लावलाय खरा,” माय म्हणाली, “पण भांडखोर हायेत.” आणि थोड्या वेळाने, दुर्बीण डोळ्यांवरून न काढता, “अण्णाबी भांडखोरच व्हते.”

मग तिने हात लांब करून पाण्यावरच्या जागा दाखवायला सुरुवात केली. त्या वारकऱ्यांच्या रांगेखाली पार. त्या एकट्या बगळ्याच्या अलीकडे विहीर. जवळच शेळ्या घेऊन आलेला एक मुलगा आमच्यामागे येऊन उभा राहिला आणि ऐकू लागला. ती त्याच्याकडे वळून त्यालाच सांगू लागली; मी ऐकत होतो.

पक्ष्यांच्या नोंदींसाठी माझी एक वही आहे. तारीख, वेळ, पक्षी, संख्या आणि ठिकाण असे रकाने. त्या दिवशी वारकऱ्यांपुढे मी एकशे बारा हा आकडा लिहिला. ठिकाणाच्या रकान्यात ‘येलदरी जलाशय’ असे वीस वर्षांच्या सवयीने लिहून झाले होते. ते खोडले आणि आजोळचे नाव घातले.